तीस किलोमीटर, तीस सागरी मैल

अलिबाग तालुक्यातल्या नागावच्या किनाऱ्यासमोरून लांबच्या पल्ल्यावर गेलेल्या दोन कयाकवाल्यांची नावे सांगता येतात. पहिले पक्के आहे. मुंबईच्या कौस्तुभ खाडे याने २०१५ साली मुंबई ते गोवा हे अंतर कयाकने कापले, आणि समुद्रमार्गे दक्षिणेला जाणाऱ्याला अलिबाग, अक्षी, नागाव, रेवदंडा हा पट्टा मागे टाकल्यावाचून गत्यंतर नाही. दुसरे नाव ऑस्कर श्पेक या जर्मन माणसाचे. १९३२च्या मे महिन्यात उल्म गावी त्याने आपली घडीची कयाक डॅन्यूब नदीत सोडली. सात वर्षांनी, सप्टेंबर १९३९ मध्ये, तो ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टोरेस सामुद्रधुनीतल्या सायबाय बेटावर उतरला. महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते, त्यामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला अटक झाली. त्याचा संग्रह आज सिडनीच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहे. कराची सोडून हिंदुस्थानचा पश्चिम किनारा धरत तो १९३५ साली सिलोनला पोहोचला, एवढे निश्चित. म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या या किनाऱ्यावरून तो गेला असला पाहिजे, हे अनुमान. नकाशाचा भक्कम आधार असला तरी ते अनुमानच, आणि पुढच्या मजकुरात हा भेद वाचकाने माझ्याइतक्याच काटेकोरपणे पाळावा अशी विनंती आहे.

दोघेही तरले, त्याचे एक कारण किनारा. किनारा धरून जाणारा रात्री पुळणीवर अंग टाकतो, वारा फिरला तर खाडीत शिरतो, आणि मुख्य म्हणजे त्याला कुणीतरी पाहते. डोल लावायला निघालेला तांडेल असो की वाडीतून वाळूवर आलेले पोर, साक्षीदार असतो. समुद्र ओलांडणाऱ्याला साक्षीदार नसतो. त्याच्याविषयी जे काही कळते ते त्याने स्वतः लिहिलेले, बोललेले किंवा मागे सोडलेले.

साक्षीदार असूनही हिशोब लागत नाही, हे या तालुक्याला ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटली, सहाशेहून अधिक माणसे गेली. पण नेमका आकडा काढायला बसावे तर प्रत्येक लिखाणात तो थोडा वेगळा येतो. बोटीवर किती जण चढले याचीच नोंद जिथे सैल, तिथे किती गेले याची कशी घट्ट असणार? एकट्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न तरी उद्भवत नाही. एक निघाला, एक पोहोचला नाही. कोडे आकड्याचे नसून मधल्या काळाचे असते.

अशा मधल्या काळाचे सर्वांत कोरे पान फ्रान्झ रोमर याचे. या जर्मन खलाशाने १९२८ साली घडीच्या कयाकमधून अटलांटिक ओलांडला. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनमधल्या सेंट थॉमसपर्यंत त्याला ५८ दिवस लागले. थोड्या विश्रांतीनंतर सप्टेंबरमध्ये तो पोर्तो रिकोतल्या सान हुआनहून अमेरिकेच्या दिशेने पुन्हा निघाला. त्याच सुमारास त्या समुद्रावरून भीषण चक्रीवादळ गेले. पुढे ना रोमर दिसला, ना त्याची कयाक. निघाल्याची नोंद आहे, वादळाची नोंद आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवून जो निष्कर्ष निघतो त्यापलीकडे जाण्याची सोय नाही.

याच्या अगदी उलट टोकाला अँड्र्यू मॅकॉली. हा ऑस्ट्रेलियन माणूस २००७ साली टास्मान समुद्रात गेला, आणि त्याने मागे इतके पुरावे ठेवले की सुरुवातीला वाटते, यात शोधण्यासारखे उरलेच काय? मेमरी कार्डावरचे तासन्‌तासांचे चित्रीकरण आहे. सॅटेलाइट फोनवरचे संदेश आहेत. व्हीएचएफ रेडिओवरून आलेली हाक आहे. खुद्द कयाक आहे. तरीही सगळे मांडून झाल्यावर शेवटच्या काही तासांच्या जागी एक भोक राहते, आणि त्या भोकाच्या कडा फार स्वच्छ आहेत. आपल्याला फक्त कडाच तपासता येतील.

आधी माणूस. मॅकॉलीचा जन्म १९६८ साली न्यू साउथ वेल्समधल्या गोलबर्न येथे झाला. मुळात तो गिर्यारोहक. पॅटागोनिया आणि पाकिस्तानातल्या डोंगरांवर चढलेला. समुद्राकडे तो नंतर वळला. ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी आणि टास्मानिया यांच्यामधली बास सामुद्रधुनी त्याने एकाहून अधिक वेळा ओलांडली, त्यातली २००३ची खेप मध्ये कोणत्याही बेटावर न थांबता. पुढच्या वर्षी उत्तरेकडचे कार्पेंटारियाचे आखात, सुमारे ५३० किलोमीटर, सहा दिवसांहून अधिक काळ कयाकमध्येच झोपून पार केले. ऑस्ट्रेलियन जिओग्राफिक सोसायटीने २००५ साली त्याला वर्षाचा साहसवीर म्हणून गौरवले. २००६च्या सुरुवातीला दोन सोबत्यांसह अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्याने त्याने सुमारे ८०० किलोमीटर वल्हवले. ही यादी कौतुकासाठी देत नाही. तो बेफिकीर होता काय, हा प्रश्न त्याच्या मृत्यूनंतर वारंवार विचारला गेला. त्यावर साक्ष द्यायची तर अरुंद नावेत झोपून समुद्रावर रात्री काढण्याची तालीम त्याने टास्मानला हात घालण्यापूर्वी केलेली होती, हे नोंदलेले सत्य आहे. तालीम पुरेशी होती की नाही, हा वेगळा प्रश्न. त्याचे उत्तर कार्पेंटारियाच्या कोमट पाण्यातून मिळत नाही.

टास्मान समुद्र हा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यामधला. मॅकॉलीने आखलेला मार्ग टास्मानियाच्या फॉर्टेस्क्यू बेपासून न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या मिलफर्ड साउंडपर्यंत, सरळ रेषेत साधारण १६०० किलोमीटर. दोन्ही ठिकाणे दक्षिण अक्षांशाच्या चाळिशीतली. पश्चिमेचा वारा तिथे जमिनीचा अडसर नसल्याने पृथ्वीभोवती मोकाट फिरतो, आणि दर्यावर्दी त्या पट्ट्याला गर्जणारी चाळिशी म्हणत आले आहेत. उत्तरेकडून गेले तर पाणी उबदार, पण अंतर वाढते. त्याने कमी अंतर आणि थंड पाणी निवडले. एकट्याने, कयाकमधून हा समुद्र तोवर कुणी ओलांडलेला नव्हता.

आता कयाक, कारण या प्रकरणात तीही एक दस्तऐवज आहे. मिराज या ऑस्ट्रेलियन बनावटीच्या सागरी कयाकमध्ये या सफरीसाठी फेरफार केलेले होते. महत्त्वाचा फेरफार एकच: झोपताना बसण्याच्या जागेवर ओढून घ्यायचा फायबरग्लासचा बंदिस्त घुमट. मॅकॉलीने त्यावर चेहरा रंगवला आणि कार्टूनमधल्या गोड भुतावरून त्याला ‘कॅस्पर’ नाव दिले. रात्री तो बैठकीत खाली सरकून आडवा व्हायचा आणि कॅस्पर लावून घ्यायचा. बंद कॅस्परमध्ये हवा कोंडलेली, त्यामुळे लाटेने कयाक पालथी केली तरी ती आपोआप सरळ व्हायची. दिवसा वल्हवताना मात्र कॅस्पर मागे, डेकवर टेकलेला असायचा. म्हणजे एकाच वस्तूची दोन रूपे: बंद असताना ती जीव राखणारी, उघडी असताना मागे लटकलेले ओझे. हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

पहिला प्रयत्न २ डिसेंबर २००६चा. दोनएक दिवसांत तो परतला. कारण त्याने लपवले नाही: रात्री त्या अरुंद जागेत अंगात ऊब राहत नव्हती. माझ्या मते हा परतीचा निर्णय पुराव्यांतला मोलाचा भाग आहे, कारण माघार घेणे त्याला जमत होते हे त्यातून सिद्ध होते. काही आठवड्यांत कयाकमध्ये आणि कपड्यांत सुधारणा करून ११ जानेवारी २००७ रोजी, गुरुवारी, तो पुन्हा निघाला.

निघतानाचे चित्रीकरण उपलब्ध आहे. कॅमेरा त्याच्याच हातात, किनारा मागे सरकतो आहे, आणि हा कसलेला माणूस रडतो आहे. बायको आणि लहान मुलगा पुन्हा दिसणार नाहीत की काय, ही भीती तो बोलून दाखवतो. पुढचे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला हे भाकितासारखे वाटते, आणि इथे सावध राहायला हवे. असे डोळे याआधीच्या सफरींतही भरून आले असतील आणि तो सुखरूप परतला म्हणून ते चित्रीकरण कुणी पाहिले नसेल; अशी शक्यता नाकारता येत नाही. शेवट कळल्यावर आपण सुरुवात वेगळी वाचतो. त्या फितीतून निश्चित एवढेच सिद्ध होते की निघताना त्याला धोक्याची पुरती जाणीव होती.

मेमरी कार्ड हा साक्षीदार मोठा बोलका, पण त्याची एक खोड आहे. दोन्ही हात वल्ह्यावर असतील तेव्हा कॅमेरा धरता येत नाही. म्हणून चित्रीकरण जिथे जास्त, तिथे संकट कमी, असा साधारण नियम धरून चालावे. प्रवासाच्या उत्तरार्धात त्याला मोठ्या वादळाने गाठले. एक दिवसाहून अधिक काळ तो कॅस्परखाली कोंडून राहिला आणि कयाक अनेकदा पालथी होऊन सरळ झाली. कॅस्परने आपले काम चोख केले. त्यानंतरच्या चित्रांत त्याची दाढी वाढलेली, चेहरा मिठाने आणि उन्हाने सोललेला, डोळे खोल गेलेले. पण या थकव्यावरून पुढच्या घटनेचे कारण ठरवण्याची घाई नको. थकलेला माणूस चुकतो हे खरे. थकलेला प्रत्येक माणूस चुकतोच असे नाही. वादळानंतरही तो पुढे सरकत राहिला, हे अंतराच्या हिशोबातून दिसते. सुमारे चार आठवड्यांत १५०० किलोमीटरच्या वर, म्हणजे सरळ रेषेत मोजले तरी दिवसाला सरासरी पन्नासहून अधिक किलोमीटर. हा आकडा पुढे लागणार आहे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची पत्नी विकी, मुलगा आणि आप्त मिलफर्ड साउंडला येऊन थांबले होते. पत्नीला आलेल्या त्याच्या शेवटच्या संदेशाचा आशय सर्वत्र सारखाच नोंदला गेला आहे: रविवारी सकाळी नऊला भेटू. रविवार म्हणजे ११ फेब्रुवारी. हा संदेश सगळ्या पुराव्यांत मला सर्वांत मौल्यवान वाटतो, कारण तो भावनेच्या भरात लिहिलेला नाही. तो वेळापत्रक सांगतो, आणि वेळापत्रक तपासता येते.

यानंतर शुक्रवार, ९ फेब्रुवारी. न्यूझीलंडच्या घड्याळात संध्याकाळचे सात वाजून गेल्यावर व्हीएचएफवर खरखरीत, तुटक हाक ऐकू आली. बोलणाऱ्याने स्वतःला ‘कयाक वन’ म्हटले. ऐकू येते आहे काय, असे विचारले. छापून आलेल्या लेखनानुसार आणीबाणी आहे, आपण मिलफर्ड साउंडपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहोत, सुटका हवी, असे तो म्हणाला. पुढचे शब्द आणखी अस्पष्ट आहेत. कयाक बुडत असल्याचे आणि आपण समुद्रात पडल्याचे त्यांतून समजले गेले. ‘समजले गेले’ हे क्रियापद मी मुद्दाम वापरतो. ध्वनिमुद्रण वारंवार ऐकून, खरखरीतून शब्द वेचून हे लेखन तयार झाले आहे. जीर्ण ताम्रपटावरची अक्षरे वाचणाऱ्याला हा अनुभव परका वाटणार नाही: आपण जे शोधत असतो ते आपल्याला आधी दिसते.

ही हाक पोचली कशी, हेही तपासण्यासारखे आहे. व्हीएचएफच्या लहरी साधारण दृष्टिरेषेत जातात. पाण्याच्या पातळीवर हातात धरलेल्या संचाचा आवाज त्याच पातळीवरच्या दुसऱ्या संचाला आठ-दहा किलोमीटरपलीकडे क्वचितच पोचतो. पण मिलफर्डचा सारा किनारा उभ्या कड्यांचा आहे. तिथला मायटर पीक समुद्रातून थेट सुमारे १७०० मीटर वर जातो. एवढ्या उंचीवर अँटेना असेल तर क्षितिज शंभर किलोमीटरच्याही पलीकडे ढकलले जाते. म्हणजे केवळ हाक ऐकू आली, यावरून तो जवळ होता असे सिद्ध होत नाही. तीस किलोमीटरवरून ती पोचू शकते, तशी ऐंशीवरूनही.

दुसरी गोष्ट उजेडाची. मिलफर्डच्या अक्षांशावर फेब्रुवारीच्या त्या दिवसांत सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होतो. हाक आली तेव्हा दिवसाचे दोनएक तास शिल्लक होते. यावरून मी एक अनुमान काढतो: त्या वेळी तो झोपलेला नसून वल्हवत असावा आणि कॅस्पर मागे, उघडा असावा. बंद कॅस्परखाली असता तर कयाक उलटूनही सरळ झाली असती, जशी वादळात झाली होती. कयाकच्या बांधणीचे जाणकारही याच दिशेने बोट दाखवतात. कॅस्पर मागे टेकलेला असताना कयाक उलटली, तर वल्ह्याच्या एका झटक्याने ती फिरवून सरळ करण्याच्या नेहमीच्या युक्तीला त्याचा विरोध होतो. मग बैठकीतून बाहेर पडणे, पोहत कयाक सरळ करणे, पुन्हा आत चढणे, पाणी उपसणे. थंड पाण्यात, तिसाव्या दिवशी. हे सारे अनुमान असले तरी त्याच्या कड्या एकमेकींत बसतात.

त्या संध्याकाळी ज्यांच्या हाती ही हाक आली त्यांनाही पुरावा तोलावाच लागला. एका पारड्यात अस्पष्ट आवाज. दुसऱ्या पारड्यात सगळे ठीक असल्याचे आणि रविवारी भेटण्याचे सांगणारा संदेश. शिवाय धोक्याच्या वेळी उपग्रहाला खूण पाठवणारे आपत्कालीन बीकन सुरूच झाले नव्हते. ही कुणाची खोडी तर नव्हे, अशीही शंका तेव्हा घेतली गेली. आज आपण त्या शंकेवर रागावू शकतो. पण तीन साधनांपैकी दोन एक सांगतात आणि तिसरे, त्यातही सर्वांत अस्पष्ट, वेगळेच सांगते, तेव्हा अभ्यासक म्हणून आपला पहिला कल कुणाकडे गेला असता? आपल्याला वर्षे मिळतात. त्यांच्याकडे मिनिटे होती. इथे नेमके अस्पष्ट साधनच खरे ठरले.

शनिवारी, १० फेब्रुवारीला संध्याकाळी कयाक सापडली. तिच्यात अर्धवट पाणी भरलेले होते, पण ती धड होती, बुडालेली नव्हती. कॅस्पर मात्र जागेवर नव्हता. मेमरी कार्ड मिळाले ते याच कयाकमधून. माणूस मिळाला नाही. १२ फेब्रुवारीला शोध थांबवण्यात आला. त्याचा देह आजवर सापडलेला नाही. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता.

काय सापडले यापेक्षा काय सापडले नाही आणि काय घडले नाही, हे इथे अधिक सांगून जाते. कॅस्पर नाही: म्हणजे तो तुटून गेला, पण उलटण्यामुळे तुटला की तुटल्यामुळे सगळे घडले, हा क्रम कयाक पाहून लागत नाही. बीकन वाजले नाही: म्हणजे ते त्याच्या हाताशी नसावे. हाक आली ती व्हीएचएफवरून: म्हणजे तो संच अंगावर असावा. या दोन ‘असावा’ जोडल्या की कयाकपासून दुरावलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. तशी जोडणी मलाही पटते. पण बुडत असल्याचे जे हाकेत ऐकले गेले ते कयाकच्या अवस्थेशी जुळत नाही, कारण ती तरंगतच सापडली. मग ते शब्द चुकीचे वाचले गेले, की पाणी भरत असताना त्याला तसे वाटले, की तो कयाकविषयी नव्हे तर स्वतःविषयी बोलत होता? तिन्ही वाचने संभवतात. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे, पण हट्ट धरणार नाही.

आता अंतर. हाकेत आले तीस किलोमीटर. कयाक सापडल्याची जागा बहुतेक ठिकाणी मिलफर्डपासून सुमारे तीस सागरी मैल अशी दिली जाते. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे हे अंतर ५५ किलोमीटरहून जास्त झाले. काही बातम्यांत तर ते ऐंशी किलोमीटरच्या घरात गेले. आकडा एक, एकके दोन. तपास करणाऱ्याने थांबावे अशी ही जागा आहे.

हाकेतले तीस किलोमीटर खरे मानू. शुक्रवारी संध्याकाळी सात ते रविवारी सकाळी नऊ हे ३८ तास. दिवसाला पन्नासहून अधिक किलोमीटर कापणारा माणूस तीस किलोमीटर शनिवारी दुपारपर्यंत संपवेल. त्याने रविवारी सकाळची वेळ कशाला दिली असती? उलट ५५ किलोमीटर उरले असतील तर तो शनिवारी रात्री मिलफर्डच्या फियॉर्डच्या तोंडाशी येतो. अंधारात अनोळखी कड्यांमध्ये शिरण्यापेक्षा बाहेर रात्र काढून सकाळी आत येणे शहाणपणाचे. नऊची वेळ अचूक बसते. ऐंशी उरले असतील तर त्याच्या सरासरीने रविवारी सकाळच उजाडते. दोन्ही मोठी अंतरे वेळापत्रकाशी जुळतात, छोटे जुळत नाही. यात भर म्हणजे पाणी भरलेली कयाकही दिवसभरात काही मैल सरकते. वारा त्या भागात नेहमी असतो तसा पश्चिमेचा असेल, तर ती किनाऱ्याकडेच सरकली असणार. मग हाकेच्या वेळी ती सापडल्या जागेहूनही दूर असावी.

विरुद्ध बाजूचा मुद्दाही मांडायला हवा. संदेश हाकेच्या आधीचा. वेळ ठरवल्यावर वेग वाढला असू शकतो. थकलेल्या माणसाने मुद्दाम सैल वेळ दिली असेल, घरच्यांना ताटकळत ठेवायला नको म्हणून. किंवा हाकेतला आकडा मिलफर्डचा नसून जवळच्या जमिनीचा असेल. या सगळ्या शक्यता तोलूनही माझा कौल असा: तो सागरी मैलांत विचार करत होता आणि तोंडून किलोमीटर निघाले, किंवा तोंडून मैल निघाले आणि ऐकणाऱ्यांना किलोमीटर ऐकू आले. सिद्ध करता येणार नाही. पण सगळ्या साधनांना एकत्र बसवणारे याहून साधे वाचन मला सापडत नाही.

मॅकॉलीच्या स्मरणाची दोन मोठी साधने पुढे तयार झाली, दोन्हींचे नाव ‘सोलो’. २००८चा माहितीपट डेव्हिड मिशोड आणि जेनिफर पीडम यांचा. २०१०चे पुस्तक विकी मॅकॉली यांचे. माहितीपटात त्याचा आवाज आणि चेहरा आहे, म्हणून तो प्राथमिक साधन भासतो. पण तासन्‌तासांच्या चित्रीकरणातून कुणीतरी मिनिटे निवडली आहेत, आणि निवड शेवट माहीत असलेल्यांनी केली आहे. पुस्तक तर उघडच बाजू घेऊन लिहिलेले, घरच्या माणसाचे. गंमत अशी की घटनांच्या क्रमासाठी मी पुस्तकाकडे अधिक विश्वासाने जाईन. वाट पाहणाऱ्याला तारखा आणि वेळा पाठ असतात.

टास्मानची गोष्ट पुढे सरकली. २००७च्याच १३ नोव्हेंबरला जेम्स कॅस्ट्रिशन आणि जस्टिन जोन्स हे दोघे दुहेरी कयाकमधून ऑस्ट्रेलियाच्या फॉर्स्टरहून निघाले. प्रवाहांनी त्यांना समुद्राच्या मधोमध गोल फिरवले, आणि ३३१८ किलोमीटर वल्हवून ते १३ जानेवारी २००८ रोजी न्यू प्लिमथला पोहोचले. एकट्याने, कयाकमधून हा समुद्र पहिल्यांदा पार झाला तो २०१८च्या जुलैत, स्कॉट डोनाल्डसन याच्या हातून. त्यालाही सुमारे दोन महिने लागले. विक्रमांच्या यादीत मॅकॉली नाही, आणि यादीच्या नियमाने ते बरोबरच आहे. तरी थंड दक्षिणेच्या मार्गावर त्याने महिन्याभरात जे अंतर कापले ते या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे.

आणखी एक तुलना आपल्या बाजूची. २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागराच्या दक्षिणेत भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांच्या, गोव्यात बांधलेल्या ‘तुरिया’ नौकेची डोलकाठी वादळात मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. जवळची मोठी वस्ती म्हणजे पर्थ, तेही सुमारे १९०० सागरी मैलांवर. पण नौकेची जागा उपग्रहामार्फत कळत होती आणि त्रोटक संदेशही पोचत होते. तीन दिवसांनी, २४ तारखेला, फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जहाजाने त्यांना उचलले. मॅकॉली किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्याही आत होता. अंतराने घात केला नाही. त्याची जागा फक्त त्याच्या आवाजात होती, आणि आवाज तुटत होता.

आपल्याकडच्या मच्छीमार बोटींसाठी इस्रोने केलेले डीएटी हे संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात आहे. बटण दाबले की बोटीची जागा उपग्रहामार्फत तटरक्षक दलाच्या केंद्राला कळते. पहिल्या आवृत्तीत खूण एकाच दिशेने जायची. बटण दाबणाऱ्याला ती मिळाली की नाही हे समजत नसे. २०२४ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत भर पडली ती उलट उत्तराची: केंद्रातून बोटीवर पोच येते.